आवाज काढून घेतलेली खेचरं

दुपारची जेवणं झाली की माझी नात मोबाइल घेऊन माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसते आणि आमचा एक खेळ चालतो. ती मोबाइलमधून काहीबाही वाचते, मी ते खरं की खोटं एवढंच सांगायचं. ती इथं धुळ्यात देवपूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मी चौथी शिकलेला. तरी बहुतेक वेळा माझंच बरोबर निघतं. जेव्हा निघत नाही तेव्हा मी ते कबूल करत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या थंडीत एका दुपारी तिनं जुन्या लढायांच्या गोष्टी काढल्या. फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या, असं त्यावर लिहिलं होतं म्हणे. माझी बायको खाली सुपात तूर निवडत बसली होती.

"आबा, दुसऱ्या महायुद्धात तांबं कमी पडलं म्हणून सरकारनं मधोमध भोक पाडलेले पैसे काढले. खरं का खोटं?"

"खरं. माझ्या करदोड्यात होता तसला पैसा. आईनं ओवला होता, दृष्ट लागू नये म्हणून."

"त्या लढाईत अख्ख्या देशाची घड्याळं एक तास पुढं केली होती."

"खरं." हे मला आईनं सांगितलेलं. आमचं मूळ गाव शिंदखेड्याच्या बाजूला, गावात घड्याळ कोणाकडेच नव्हतं. माणसं सूर्याकडे बघून स्टेशनात जायची आणि गाडी तासाभरापूर्वीच निघून गेलेली असायची. गाडी लवकर का सुटते याचा उलगडा गावाला लढाई संपेस्तोवर झाला नाही.

"आपल्या रेल्वेचे रूळ उपटून जहाजात भरून परदेशात पाठवले, तिकडे लढाईच्या गाड्या चालवायला."

"खोटं. रूळ काय मुळे आहेत उपटायला?"

"चुकलं आबा. खरंय."

"छापणाऱ्याचं काय जातं? तो काहीही छापतो."

"हरले का छापणारा वाईट," सुपातून मान वर न करता बायको म्हणाली. नात हसली आणि पुढचं वाचायला लागली.

"ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांच्या पाठीमागे लपून जायचं होतं. खेचरांच्या ओरडण्यानं शत्रूला पत्ता लागू नये म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी त्यांचे गळे चिरून आवाजाच्या शिरा कापून टाकल्या. मग ती खेचरं जन्मभर मुकी राहिली. खरं का खोटं?"

बायकोचे हात सुपात थांबले.

"आबा, सांगा ना."

"पुन्हा वाच."

तिनं पुन्हा वाचलं. मी विचारलं, हे लिहिलं कोणी. ती म्हणाली, खूप ठिकाणी आहे, त्या डॉक्टरांनी स्वतः लिहून ठेवलंय. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग उठलो, पायात चपला घातल्या आणि पांझरा नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. तिथं कठड्याला धरून उभा राहिलो. शेजारच्या दुकानदारानं विचारलं, बाबा, चक्कर आली का, पाणी आणू का. मी त्याला नको म्हणालो.

आता हे का, ते सांगतो.

माझे वडील त्या लढाईत होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. बंदूकवाले शिपाई नव्हते ते, खेचरांच्या पलटणीत होते. भरती करणारे बाजाराच्या दिवशी आले, ज्याला जनावराचं कळतं त्यानं पुढं या म्हणाले, आणि नाना पुढं झाले. मी त्यांच्या परत येण्यानंतरचा. मला आठवतं तेव्हापासून संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमायची आणि कोणीतरी मुद्दाम म्हणायचं, "भाऊ, ती खेचरसनी गोष्ट सांग ना." नाना तंबाखू मळत सांगायला लागायचे, "आम्हना खेचरले आवाजच नव्हता. डागदरनी गळा कापीसन काढी लिन्हा." माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची. नानांना ते दिसायचं का, कोण जाणे. ते सांगत राहायचे. पण गोष्ट कधी पुरी व्हायची नाही. ते मध्यावर आले की कोणीतरी काहीतरी बोलायचा, हसणं व्हायचं, आणि माणसं उठून जायची.

मी चौथीत असताना हे मास्तरांना विचारलं. मास्तर चांगले होते, पण पुस्तकाबाहेरचं त्यांना चालायचं नाही. म्हणाले, असं इतिहासात कुठंही नाही. झालं. दुसऱ्या दिवसापासून पोरं मला चिडवायला लागली. ते चिडवणंही असं की मान लांब करायची, तोंड मोठं उघडायचं आणि आवाज काढायचाच नाही. मास्तर फळ्यावर लिहीत असायचे आणि माझ्या मागे चार तोंडं उघडी. ऐकूच काही येत नाही, तर तक्रार कशाची करू? एक दिवस मी पाटीची कड एकाच्या तोंडावर मारली. पुढचा दात पडला. नानांना शाळेत बोलावलं. नाना आले आणि माफी मागायचं सोडून मास्तरांना पहिल्यापासून खेचरांची गोष्ट सांगायला लागले. मास्तर रुमाल तोंडाला लावून हसले. पोरं तर हसलीच. मी तिथून जो निघालो तो परत शाळेची पायरी चढलो नाही. नानांनी मारलं, आईनं समजावलं. मी नाही म्हणजे नाही.

तेव्हापासून माझ्या मनात एक बसलं. शाळा माझी गेली ती बापाच्या थापेपायी.

मग माझं लग्न ठरलं, जामनेरच्या बाजूचं. सुपारी फोडायला आम्ही त्यांच्याकडे गेलो. अंगणात पंगत बसली. वरण-बट्टी होती, गंगाफळाची भाजी होती. आमच्याकडे व्याह्यांची थट्टा चालते, हे कोणालाही ठाऊक आहे. त्या दिवशी बायका गाण्यातून एकमेकींच्या बाप-भावांची उणीदुणी काढतात आणि ज्याची काढतात तो मिशीला पीळ देऊन ऐकतो. माझ्या आईनं माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या टकलावर अख्खं गाणं रचून म्हटलं. त्यांनी टोपी काढून टक्कल पुढं केलं, म्हणाले, "बघा, नीट बघून म्हना, एखांदा केस राहून जाईन."

कोणीतरी नानांना विचारलं, व्याही लढाईत होते म्हणे. नाना सुरू झाले. डॉक्टर आला, खेचर आडवं पाडलं, मी डोकं मांडीवर धरलं. पंगतीतली माणसं बट्टी चुरायची थांबली. तेवढ्यात सासरे मोठ्यानं म्हणाले,

"व्याही, आमच्या पोरीचा आवाज लई मोठा हाये. तो तुमचा डागदर जित्ता असंन तं आताच बलावून घ्या!"

अंगण हसण्यानं फुटलं. दारामागून बायका हसल्या. माझा होणारा शालक तेव्हा ओठावर कोवळी मिसरूड असलेला, तो वरण वाढता वाढता हसला आणि त्याच्या हातातली पळी पडली. नानाही हसत होते. ते मी पाहिलं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं ती चार उघडी तोंडं आली. मी पंगतीतून उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो,

"नाना, बस झालं आते. ती खोटी गोष्ट कितला दिन सांगशात?"

नानांनी माझ्याकडे बघितलं नाही. पानातली बट्टी बोटांनी बारीक केली आणि वाढणाऱ्याला म्हणाले, "वरन वाढा."

त्यानंतर नाना चौदा वर्षं जगले. एका घरात, एका चुलीवर आम्ही जेवलो. शेतात पाणी कधी द्यायचं, कपाशीवर काय पडलंय, हे सगळं ते माझ्याशी बोलायचे. लढाईचं एक अक्षर काढलं नाही. ओट्यावर माणसं येईनाशी झाली. मला वाटलं, सुटलो. वर्षातून एक-दोनदा ते जामनेरच्या बाजाराला बैल बघायला जायचे आणि दोन-तीन दिवसांनी हात हलवत परत यायचे. विचारलं तर म्हणायचे, बैल पसंत पडले नाहीत.

आणि मी काय केलं? सगळा राग सासरवाडीवर धरला. ही माणसं माझ्या बापाला हसली, भर पंगतीत खोटं पाडलं. मी जामनेरला फक्त मयतीला गेलो. भाऊबीजेला बायकोला एसटीत बसवून द्यायचो, स्वतः कधी गेलो नाही. शालक आमच्याकडे आला तर रामराम घालून शेताकडे निघून जायचो. पुढं पुढं तोही येईनासा झाला. पन्नासावर वर्षं झाली. मी माझ्या बापासाठी भांडतोय, असंच मी धरून चाललो होतो. माझा बाप मला खोटारडा वाटतो आणि तरी त्याच्या बाजूनं मी भांडतो, यातलं वाकडं मला कधी दिसलं नाही.

पुलावरून घरी आलो ते ठरवूनच. नातीला म्हटलं, ते मोबाइलमधलं कागदावर काढून आण. ती झेरॉक्सच्या दुकानातून दोन कागद घेऊन आली.

"हे कशाला आबा?"

"जामनेरला जायचंय. तुझ्या आजीच्या भावाला दाखवायला."

बायको चुलीपाशी होती. म्हणजे गॅसपाशी. वळून म्हणाली, "कशासाठी दाखवता?"

"माझा बाप खरं बोलत होता. तो हसला होता. त्यानं माफी मागायला पाहिजे."

"आता? त्याला नीट चालवत नाही."

"बसून मागू दे."

तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, "जा. मात्र जाच. अर्धं आयुष्य माझं माहेर तुम्ही त्या एका हसण्यावर टांगून ठेवलं. एकदा काय ते होऊन जाऊ द्या." ती बरोबर यायला नाही म्हणाली. मला ते बरंच वाटलं.

सकाळच्या गाडीनं धुळ्याहून निघालो, जळगावला गाडी बदलली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवले होते. वाटेत शब्द जुळवत होतो. आधी कागद पुढं करायचे. तो वाचेल. मग म्हणायचं, आता बोल. पाणी सुद्धा नंतर प्यायचं. असं सगळं मनात पक्कं होतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मी तेच घोळवत होतो.

शालक दारातच खुर्ची टाकून उन्हाला बसला होता. गुडघ्यांना पट्टे बांधलेले. मला बघून त्यानं डोळ्यांवर हात धरला.

"कोन? दाजी? कोन मेलं?"

"कोणी नाही."

"मंग तुम्ही कसे आले?" आणि स्वतःच हसला. आत हाक मारली, "ओ सूनबाई, पानी आन. अन् बाहेर येऊन बघ, सूर्य कोनीकडून उगला आज."

सुनेनं पाणी आणलं. मी हातात घेतलं नाही. पिशवी काढली, कागद त्याच्या मांडीवर ठेवले आणि जे जुळवलं होतं ते बोललो, उभ्यानंच. "सुपारीना दिनले तुम्ही मना बापवर हासनात. आज कागद दाखाडाले उनू. तो खरं बोली राहिंता."

त्यानं चष्मा मागवला. कागद लांब धरून, ओठ हलवत, पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलंच नाही. घडी घालून मला परत दिलं.

"हे तं मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"लई वर्सं झाली. नानांनी सांगितलं ना."

"पंगतीत. आणि तुम्ही हसलात."

"हासलो ना. पोटभर हासलो. व्याह्याले व्याही नाही हासंन तं कोन हासंन? तुमच्या मायनं माह्या बापाच्या टकलाचं गानं केलं, माह्या बापानं टोपी काढून दिली. तसंच ते." तो गुडघा चोळत होता. "आम्ही हासलो, पन खोटं कोन म्हनलं? माह्या बापानं म्हनलं? मी म्हनलं? याद करा दाजी. तुम्ही म्हनले."

मी पाण्याचा तांब्या शोधायला लागलो. तो समोर ओट्यावरच होता.

"बसा आधी," तो म्हणाला.

मी बसलो. त्यानंतर त्यानं जे सांगितलं ते मी त्याच्या तोंडचं तसंच लिहू शकत नाही. मधे मधे माझं लक्ष जात होतं. त्याच्या बोलण्यातून जे हाताला लागलं ते लिहितो.

आम्ही सुपारी फोडून गेल्यावर माझे सासरे आठ दिवस अस्वस्थ होते. आपल्या चेष्टेनं बाप-लेकात असं व्हावं, हे त्यांना लागलं होतं. त्यांनी बाजाराला येणाऱ्या माणसाबरोबर नानांना निरोप धाडला, व्याही, गोष्ट अर्धी राहिली, पुरी करायला या. नाना गेले. दोन रात्री राहिले. मग दरवर्षी जायला लागले.

"बैल बघायला जायचे," मी म्हणालो.

"बैल?" शालक म्हणाला. "बाजार कोनीकडं भरते हे तरी त्यांना माहीत होतं का? इथं बसायचे, या ओट्यावर. माह्या बापाजवळ. मी खाली बसायचो. जेवायला बलावलं तरी उठायचे नाही."

आणि ती गोष्ट, जी मी कधी पुरी ऐकली नव्हती, ती अशी.

डॉक्टरसमोर खेचर आडवं पाडायचं तेव्हा त्याचं डोकं धरायला त्याचाच माणूस लागायचा. दुसऱ्यानं धरलं तर ते उधळायचं. भूल द्यायचे, पण भूल चढेपर्यंत त्याचा डोळा आपल्या माणसावर असायचा. नानांनी आपल्या खेचराचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचा गळा चोळत बसले, आणि ज्या जागी चोळत होते त्याच जागी डॉक्टरनं चिरलं. आठ-दहा दिवसांत जखम भरली. मग ते खेचर सकाळी दाण्याच्या वेळी मान लांब करायचं, तोंड उघडायचं, बरगड्या हलायच्या, नुसती हवा यायची. पहिले काही दिवस ते स्वतःच दचकायचं. मागे वळून बघायचं, आपला आवाज कुठं गेला म्हणून.

पुढं जंगलात पावसाळ्यात पलटण एका जागी थांबली. ओझी उतरवली, खेचरं चरायला सोडली. नानांचं खेचर परत आलं नाही. बोलायची, हाका मारायची सक्त मनाई. नाना चिखलात, बांबूच्या बेटांतून सकाळपासून फिरत राहिले. साधं खेचर असतं तर त्यानं अर्ध्या कोसावरून ओरडून पत्ता दिला असता. दिवस कलायला आला तेव्हा ते सापडलं. मुक्कामापासून हाकेच्या अंतरावर, बांबूच्या आड एका दलदलीत. पाठीपर्यंत रुतलेलं. मान बाहेर होती आणि तोंड उघडं. दिवसभर ते तिथून ओरडत होतं. नाना दोन वेळा त्याच्या अगदी जवळून गेले होते. त्यांच्याच पावलांचे ठसे तिथं चिखलात उमटलेले होते.

चार माणसांनी दोर लावून ओढलं, निघालं नाही. गोळी घालायची परवानगी नव्हती, बार ऐकू जाईल म्हणून. पलटण पुढं निघाली. नाना म्हणाले, मी शेवटपर्यंत जवळ थांबतो. नाही थांबू दिलं.

"हे ते एवढं हळू सांगायचे," शालक म्हणाला. "म्हनायचे, ते मले बलावत होतं अन् मले ऐकू आलं नाही. दर वर्सी तेच सांगायचे. माहा बाप एकदाही म्हनला नाही का हे मांघं सांगितलं म्हनून."

सुनेनं ताटं आणून ठेवली. भरीत होतं, कळण्याची भाकरी होती. मी ताटाला हात लावला नाही. तो जेवायला लागला.

"आता तुम्ही सांगा," घास घेता घेता तो म्हणाला. "इथं दोन-तीन दिवस राहून जायचे. तुमच्याजवळ तं बाराही महिने होते. आम्हाले कळलं नाही ते बठ्ठं तुम्हाले सांगितलं असंन. परत कसे आले? वाट कशी काढली? माह्या बापाचं विचारायचं राहून गेलं."

हा टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. सून भाकरी घेऊन उभी होती, तिचा मुलगा दारात उभा होता, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आयुष्यात खूप ठिकाणी खोटं रेटून नेलंय, मोठ्या आवाजात बोललं की माणसं मानतात. तिथंही काहीतरी ठोकून देता आलं असतं.

"मला काहीच सांगितलं नाही," मी म्हणालो.

"म्हनजे?"

"मी सांगू दिलं नाही. चौदा वर्षं. मी त्यांना खोटं म्हणालो, तुम्ही नाही. मी इथं तुमच्याकडून माफी घ्यायला आलो होतो."

तो चावायचा थांबला. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, निदान शिवी देईल. त्याला हक्क होता. त्याच्या बहिणीला मी किती वर्षं एकटीला पाठवलं, त्यांच्या आईच्या आजारपणातही दोन दिवसांत परत बोलावलं, हे सगळं त्याच्या डोळ्यांत येऊन गेलं. मग त्यानं माझं ताट माझ्याकडे सरकवलं.

"जेवा. थंड झालं का भरीत चांगलं नाही लागत."

मी जेवलो. चव कळली नाही. जेवण झाल्यावर मी त्याला विचारलं, आणखी काही म्हणायचे का नाना, काहीही, आठवेल ते सांग. तो बराच वेळ सुपारी कातरत बसला.

"एक होतं," तो म्हणाला. "त्या खेचराच्या खुरावर नंबर होता, सरकारी. पन नानांनी त्याचं नाव ठेवलं होतं. पलटणीत दुसऱ्या कोनाले माहीत नव्हतं, त्याच्या कानात म्हनायचे. आम्ही लई मांघं लागलो, काय नाव होतं सांगा. नाही सांगितलं. म्हने, ते मना पोऱ्या इचारी तव्हय त्याले सांगसू."

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं लावून बसलो. बायकोला जाऊन काय सांगायचं याचा विचार करत होतो आणि विचार होत नव्हता. तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, भावाची तब्येत तेवढी विचारली. माफीचं विचारलं नाही. तिला बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं की ती तिथं मिळायची नव्हती. मी तिला म्हटलं, या महिन्यात आपण दोघं जाऊ, राहायला. ती म्हणाली, बघू. मान्य आहे. एवढ्या वर्षांनंतर मी म्हणालो म्हणून ती लगेच पिशवी भरणार नाही.

दुसऱ्या दिवशी नात येऊन बसली. तिला सगळी गोष्ट हवी होती, तिनं लिहून घ्यायला वही आणली होती. मी तिला जंगल सांगितलं, पाऊस सांगितला, दलदल सांगितली. ती लिहिता लिहिता थांबली. डोळे पुसले. मग तिनं विचारलं, त्या वयाची पोर तेच आधी विचारणार,

"आबा, त्याचं नाव काय होतं?"

"माहीत नाही."

"पणजोबांनी सांगितलं नाही कोणालाच?"

"मला सांगणार होते."

"मग?"

बायको दारात उभी होती. मला वाटलं ती मला सोडवेल, काहीतरी काम काढून पोरीला हाक मारेल. तिनं मारली नाही.

"मी विचारलं नाही," मी म्हणालो. "हेही लिही."

नात म्हणाली, राहू द्या ना आबा, हे कशाला. मी म्हणालो, लिही. ती नाही म्हणाली. तिच्यातही आमचंच रक्त आहे. म्हणून मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या चौथीच्या अक्षरात, सुपारीच्या पंगतीसकट, हे सगळं मीच लिहायला बसलो.